खोलीच्या लॅपटॉपला लाल टॅग

रविवार, ३ ऑगस्ट

ही डायरी कंपनीनं कायझनच्या, म्हणजे काम सुधारायच्या कल्पनेच्या, बक्षिसात दिली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. शेजारच्या लाइनीवरच्या पोरीला स्टीलचा टिफिन आणि मला डायरी! तेव्हापासून कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज जे झालं ते कुठंतरी लिहिलं नाही तर माझं पोट फुटेल.

चाचणी मिळाली!!! इथंच भोसरीत, मशीनची अवजारं बनवणाऱ्या एका टूलरूममध्ये, डिझाइन ट्रेनीसाठी. आजवर माझा अर्ज कुणी उघडूनसुद्धा बघितला नव्हता. मालक म्हणजे सयाजी सर. मशीनपाशी वाकून काहीतरी मापत होते, हात तेलानं माखलेले. कोपरानंच माझी फाइल उघडली आणि म्हणाले, "लातूरचं तंत्रनिकेतन. बरं. मग चाकणला वायरी कशाला जोडत बसलात?"

मी म्हटलं, "सर, तिथं बोलावलं. इथं कुणी बोलावलंच नाही."

हसले. मग एक वाकडातिकडा सुटा भाग माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "मशीनवर हा हलता कामा नये. याला धरून ठेवणारं फिक्श्चर डिझाइन करा. सोळा तारखेला, शनिवारी, मॉडेल आणि ड्रॉइंग घेऊन या. घरी लॅपटॉप आहे ना?"

"आहे ना सर! एकदम फास्ट!"

अगं बाई. कुठून आलं ते तोंडातून!

आमचा लॅपटॉप कुणा एकीचा नाही, खोलीचा आहे. कधीकाळी इथं राहणाऱ्या एका पोरीनं जाताना मागं ठेवला, आणि तेव्हापासून भाडेकरू बदलतात, लॅपटॉप राहतो. गच्चीवरची पाण्याची टाकी जशी खोलीची, तसा हाही. बॅटरी मेलेली, त्यामुळं चार्जर निघाला की बंद. चार्जरची पिन ढिली, ती एका विशिष्ट कोनात धरावी लागते. आणि उघडायला इतका वेळ घेतो की स्नेहल तो चालू करून अंघोळीला जाते.

आम्ही तिघी राहतो. स्नेहल चिपळूणकडची, माझ्याच लाइनीवर. मिनल हिंगोलीची, क्वालिटीत आहे, पण तिचा सगळा जीव स्पर्धा परीक्षेत. तिला अधिकारी व्हायचंय. नोव्हेंबरात पूर्वपरीक्षा आहे, म्हणून पहाटे दिवा लावून अभ्यासाला बसते. आणि खालच्या मजल्यावरून आमच्या घरमालकीण अंबूबाई रोज न चुकता ओरडतात, "ए पोरींनो! लायटीचं बिल कोन भरनार, माझा म्हातारा व्हय?"

माझं ट्रेनीचं कॉन्ट्रॅक्ट या महिनाअखेर संपतंय. पुढं कुणाचंच वाढवत नाहीत. गावाकडं आईनं ठरवूनच टाकलंय, गणपती झाले की निलंग्याचे पाहुणे मला बघायला येणार. मुलगा चांगला आहे म्हणे. असेल! पण मला इथून जायचं नाही. मला ड्रॉइंग काढायचंय. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, एवढा शब्द दिलाय की मी शिकलेय त्या कामाची नोकरी लागली तर पाहुण्यांना ते थांबवतील. आता सगळं त्या वाकड्यातिकड्या तुकड्यावर आहे. तो उशाशी घेऊन झोपणार आहे मी.

सोमवार, ४ ऑगस्ट

डिप्लोमाच्या वर्गातल्या मैत्रिणीकडून पेनड्राइव्हवर डिझाइनचं सॉफ्टवेअर आणलं. महिनाभराचं फुकटचं व्हर्जन आहे, माझं काम भागेल. लॅपटॉपला लावलं तर त्यानं घरघर करत मोठा विचार केला आणि सांगितलं, जागा अपुरी आहे.

पंचवीस जीबी पाहिजे. आहे किती? दोन! डिस्कची पट्टी लालभडक.

मी पण पदर खोचला. म्हणजे ओढणी. दिसेल ते उडवलं. जुन्या पोरींचे बायोडाटा, कुणा विमलच्या मेंदीचे फोटो, हळदी-कुंकवाची बॅनरं, एकाच पासपोर्ट फोटोच्या वीस-वीस प्रती. हात दुखेपर्यंत डिलीट केलं. पट्टी बघते तर तेवढीच लाल!

स्नेहल मागून बघत होती. म्हणाली, "गो बाय, कचरा काढलास, पण डबा दारातच ठेवलास ना. रिकामा कोण करणार?" रीसायकल बिन! तीन वर्षं कॉम्प्युटर शिकले आणि हे विसरले. तो रिकामा केला, तात्पुरत्या फायली पुसल्या, ब्राउझरचा साठा साफ केला. दोनचे सहा झाले.

सहा तर सहा! सुरुवात झाली.

बुधवार, ६ ऑगस्ट

सुचलं!! बसमध्ये सुचलं, मोशीच्या सिग्नलला. आता काय करावं, काय करावं म्हणत खिडकीला डोकं लावून बसले होते आणि एकदम आमच्या शॉपफ्लोअरवरचा तो लाल चौकोन डोळ्यांपुढं आला.

कंपनीत असं असतं. जी वस्तू लागते की नाही माहीत नाही, तिला लाल कार्ड अडकवायचं आणि लाल पट्ट्यांच्या चौकोनात नेऊन ठेवायचं. ठरलेल्या दिवसापर्यंत कुणी येऊन "ही माझी, मला पाहिजे" म्हटलं तर परत. कुणीच आलं नाही तर स्क्रॅप. भांडण नाही, तंटा नाही. हेच लॅपटॉपला का लावू नये?

घरी आल्यावर दोघींना बसवलं आणि मीटिंग घेतली. 'लाल टॅग' नावाचं फोल्डर केलं. नियम सांगितला. सगळ्यांचं सगळं लाल टॅगमध्ये जाईल. जिला जे पाहिजे ते तिनं रविवार सकाळपर्यंत बाहेर काढायचं. उरेल ते स्क्रॅप. कुणी रुसायचं नाही.

स्नेहल लगेच उसळली. तिच्या वाडीतल्या दर गणपतीच्या जाखडी नाचाचे व्हिडिओ आहेत, एकेक तासाचे, त्यात तिचा भाऊ ढोलकीला. म्हणे, "त्याला लाल टॅग लावलास तर तुझ्या डब्यात मी मीठ टाकणार नाही." मी म्हटलं, अगं काढ की बाहेर, नियम तोच तर आहे! तिच्या सिनेमांबद्दल मात्र ती काही बोलली नाही. त्यातले अर्धे तिला आवडत नाहीत, नुसते जमवून ठेवलेत.

मिनलच्या परीक्षेच्या क्लासची लेक्चरं तर निम्मी डिस्क खाऊन बसलीयत. मे महिन्यात सुट्टी टाकून ती पुनावळ्याला मावशीकडं जाऊन राहिली होती, मावशीच्या वायफायवर सगळी उतरवून घेतली. मावशी आता नाशिकला गेली. ती बराच वेळ स्क्रीनकडं बघत होती. मी विचारलं, "चालेल ना गं?" ती म्हणाली, "नियम चांगला आहे."

बघा! क्वालिटीवालीनं पास केलं! हा कायझन कंपनीत टाकला असता तर टिफिन नक्की होता.

गुरुवार, ७ ऑगस्ट

सगळं लाल टॅगमध्ये हलवलं. दोन तास लागले. डेस्कटॉप इतका स्वच्छ दिसतोय की आरतीचं ताट लावावंसं वाटतंय. मोठ्या दिमाखात दोघींना दाखवलं आणि मग जागा बघितली.

सहा जीबी.

अहो, या कप्प्यातून त्या कप्प्यात ठेवलं तर जागा कशी वाढेल! मीच कपाळावर हात मारून घेतला. स्नेहल हसून हसून कॉटवरून खाली पडली. मिनलसुद्धा हसली. बऱ्याच दिवसांनी हसताना बघितलं तिला.

असू दे. रविवारी खरं स्क्रॅप होईल तेव्हा बघा. हिशोब असा, स्नेहलनं नाच काढून घेतला आणि मिनलनं लेक्चरं काढून घेतली तर उरलेलं सगळं पुसून अठराच्या आसपास जागा होते. सात कमी पडतात. ते सात कुठून आणायचे, बघू. कॅमेऱ्याचा, प्रिंटरचा काय काय कचरा असतो म्हणे. मिनलला हे सांगितलं तर म्हणाली, "सात कमी?" मी म्हटलं, "होईल गं काहीतरी!"

शनिवार, ९ ऑगस्ट

भावाला राखी वेळेत पोचली. फोनवर आईनं विचारलं, "कामून एवढी खूश हायस?" सांगितलं नाही. आधी होऊ दे.

लॅपटॉपला मात्र चळ लागलाय. काल संध्याकाळी लाल टॅग फोल्डरचा आकार बघितला तर एकदम निम्म्याहून कमी. आज शिफ्टवरून येऊन बघते तर परत होतं तेवढं! वायरस आहे की काय? स्नेहलला विचारलं, तिनं आधीच नाच काढून घेतलाय आणि त्यानंतर हातही लावलेला नाही. मिनल झोपली होती, दमलेली दिसली. तिला उठवलं नाही.

बहुतेक मोजायलाच चुकतोय. म्हातारा झालाय बिचारा.

रविवार, १० ऑगस्ट

झालं!!! एकसष्ट जीबी मोकळे!!! पट्टी निळी! कधी निळी होती हे या खोलीत कुणालाच आठवत नाही!

सकाळी आंघोळ करून बसले. स्क्रॅप करायच्या आधी एकदा उघडून बघितलं, तर आत मिनलची लेक्चरं तशीच. मी ओरडले, "मिनल, तुझं काढायचं राहिलं की!"

ती गॅसपाशी चहा करत होती. वळली नाही. म्हणाली, "असू दे. पूस."

"अगं, लेक्चरं आहेत तुझी!"

"झाली बघून."

"सगळी?"

"सगळी झाली. पूस ना, चहा गार होतोय."

काय पोरगी आहे! एवढी लेक्चरं, कंपनी सांभाळून, बघून संपवलीसुद्धा! मी तिला तिथंच मिठी मारली, चहा थोडा सांडला. मग डिलीट, आणि लगेच बिनही रिकामा, या वेळी विसरले नाही. हिरवी रेघ सरकत होती आणि मी अक्षरशः नाचत होते. मिनल गच्चीत कपडे वाळत घालायला गेली. ती असायला पाहिजे होती, कारण पट्टी निळी झाली तो क्षण बघण्यासारखा होता.

मंगळवार, १२ ऑगस्ट

सॉफ्टवेअर चढलं! पूर्ण रात्रपाळीएवढा वेळ घेतला, पण चढलं. पडद्यावर ते रिकामं करडं पान उघडलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डिप्लोमानंतर पहिल्यांदा बघितलं हे पान.

लॅपटॉपचा पंखा कंपनीच्या कॉम्प्रेसरसारखा वाजतो. एक रेघ काढली की थांबतो, विचार करतो, मग दाखवतो. मी म्हटलं, कर विचार, आपल्याला घाई नाही. घाई आहे खरं तर. पण त्याला कशाला सांगा!

मिनल हल्ली किती निवांत झालीय! सकाळी आमच्याबरोबर उठते. अभ्यास संपल्यावर माणूस कसा मोकळा होतो.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

आज सुट्टी. गेटवर झेंडावंदन करून आले आणि बसले ती उठलेच नाही. फिक्श्चर मनासारखं जमत होतं, तीन बाजूंनी टेकू आणि वरून एकच चाप, म्हणजे माणसाला एका हातानं भाग बसवता येईल. लाइनीवर दिवसभर दोन्ही हात कसे गुंततात हे मला माहीत आहे ना.

आणि दुपारी चार्जरची पिन रुसली. जरा हलली की लॅपटॉप धाडकन बंद. दोनदा केलेलं काम गेलं. मी रडायलाच लागले. मिनल उठली, पिन हातात धरली आणि म्हणाली, "कर. मी सोडत नाही."

दिवेलागणीपर्यंत धरून बसली! मधून मधून हात बदलत होती. मला वाईट वाटलं, म्हटलं, दुसऱ्या हातात वाचायला तरी घे काहीतरी. म्हणाली, "आता काय वाचायचंय."

शेवटचं ड्रॉइंग सेव्ह करणार, तेवढ्यात वीज गेली. मी किंचाळले असेन, कारण अंबूबाई धापा टाकत वर आल्या. "काय झालं गं? कोन मेलं?" सांगितल्यावर तशाच खाली गेल्या आणि त्यांच्या इन्व्हर्टरची वायर, गौरीच्या माळांना वापरतात ती, जिन्यातून वर ओढून दिली. म्हणाल्या, "पंखा लावू नगा हां त्याच्यावर. तेवढं चित्रच काढ तुजं."

गेलेलं परत केलं. सेव्ह केलं. पेनड्राइव्हवर घेतलं. मिनलच्या बोटांवर पिनचा वळ उठला होता. मी त्यावर फुंकर घातली तर ती हसली.

शनिवार, १६ ऑगस्ट

बाहेर दहीहंडीचे डीजे, आत सयाजी सर माझं ड्रॉइंग बघतायत. भिंती थरथरत होत्या आणि मीही. एक माप चुकलं होतं, ते त्यांनी बरोबर पकडलं. मग विचारलं, "चाप एकच का? सगळे दोन देतात."

मी सांगितलं, दिवसातून शेकडो वेळा हे ज्याला उघडायचंय त्याचं मनगट जातं. मी रोज वायरी जोडते, मला कळतं.

सरांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली. "कळवतो" म्हणाले. कळवतो म्हणजे काय? चांगलं की वाईट? घरी येईपर्यंत तीन चौकांत तीन हंड्या बघितल्या, एकही फुटताना दिसली नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

लागली! लागली! लागली!!!

एक सप्टेंबरपासून! लाइनीवर फोन चालत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बघितला. कँटीनमध्ये मी स्नेहलला उचललं. सुपरवायझर म्हणाले, "अहो, सेफ्टी!" अप्पांना फोन केला. ते म्हणाले, "निलंग्याला मी कळवतो." मागून आईचा आवाज, "काय कळवता?" मग दोघांची जुंपली, मी फोन ठेवून दिला.

मिनलला सांगितलं तेव्हा तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "चला. एक तरी सुटली लाइनीवरून." आणि तिचेच डोळे भरून आले. किती माया करते माझ्यावर!

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आज लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.

अंबूबाईंना पेढे द्यायला गेले. त्यांनी एक खाल्ला, एक म्हाताऱ्यासाठी ठेवला. मग म्हणाल्या, "तुजं बेस झालं. पन त्या दुसरीची परीक्षा झाली व्हय?"

मी म्हटलं, "नाही हो, नोव्हेंबरात आहे."

"मग पहाटंचा दिवा कुठं लागतोय तिचा? धा-बारा दिस झालं, लागला न्हाई. मी उठते, वर बघते, अंधार. वरडायला बी काही न्हाई. मला वाटलं झाली परीक्षा."

मी जिन्यातच बसले. पेढ्यांचा बॉक्स मांडीवर.

दहा-बारा दिवस. लेक्चरं पुसली तेव्हापासूनच तर.

वर येऊन लॅपटॉप लावला. तिच्या क्लासचं ॲप अजून होतं. उघडलं तर प्रत्येक विषयापुढं बघून झालेल्याची रेघ. इतिहास थोडासा. भूगोल त्याहून थोडा. बाकी सगळ्या रेघा कोऱ्या.

मिनल आली. मी विचारलं, "तुझी लेक्चरं बघून झाली नव्हती ना?"

ती चप्पल काढत होती. म्हणाली, "नव्हती."

"मग खोटं का बोललीस?"

"तुला सात कमी पडत होते."

"अगं, मी कुठूनतरी केले असते!"

"कुठून?" तिचा आवाज चढला. मिनलचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "तुझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, पाहुणे येत होते. माझी परीक्षा काय, दरवर्षी येते. शुक्रवारी काढलं होतं मी ते फोल्डर बाहेर. रात्रभर झोप लागली नाही. शनिवारी परत ठेवलं."

आणि मला वाटलं वायरस आहे.

वायरस! ही डायरी मागं उलटून वाचली. सगळं लिहिलंय मी माझ्याच हातानं, वळून बघितलं नाही ते, कपडे वाळत घालायला गेली ते, 'आता काय वाचायचंय' ते. आणि प्रत्येक ठिकाणी मी नाचतेय. मला माझीच लाज वाटते.

सोमवार, २५ ऑगस्ट

स्नेहल गणपतीला गावी गेली. खोलीत आम्ही दोघीच आणि बोलणं नाही. मी म्हटलं, लेक्चरं परत उतरवू, परीक्षेपर्यंत तुझ्या क्लासची मुदत आहे. ती म्हणाली, "कशावर? मोबाइलच्या नेटवर? पुढच्या वर्षापर्यंत उतरतील. आणि ठेवायची कुठं? तुझं सॉफ्टवेअर बसलंय तिथं."

मी म्हटलं, "जागा अजून आहे."

"मला कुणाची दया नकोय, विजयश्री."

नाव घेऊन बोलली. एरवी विजू म्हणते.

सोमवार, १ सप्टेंबर

पहिला दिवस! माझं स्वतःचं टेबल! त्यावर मोठा कॉम्प्युटर, रेघ काढली की लगेच दिसते, विचारबिचार काही करत नाही! सरांनी माझंच फिक्श्चर पुढं ठेवलं, म्हणाले, चुकलेलं माप आधी दुरुस्त करा, मग नवीन काम.

जेवायच्या सुट्टीत धीर करून विचारलं, "सर, इथल्या नेटवर मैत्रिणीची अभ्यासाची लेक्चरं उतरवून घेतली तर चालेल का? माझा लॅपटॉप आणून कोपऱ्यात लावते."

"एकदम फास्टवाला?" सरांनी विचारलं. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "लावा. आमचं काम अडता कामा नये."

घरी येताच पहिलं काम म्हणजे ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. आता मला ते ऑफिसात आहे, इथं कशाला? पट्टी पुन्हा निळीशार. मग लॅपटॉप मिनलपुढं ठेवला आणि म्हटलं, "लेक्चरं परत उतरवायला तुझ्या क्लासचा पासवर्ड टाक."

"मी सांगितलं ना तुला—"

"दया नाही करत मी! लाल चौकोनातून चुकून स्क्रॅपमध्ये गेलेला माल परत आणायची जबाबदारी टॅग लावणाऱ्याची असते. ट्रेनिंगला हेच शिकवलंय."

"असं कुठं शिकवलंय?"

"नाही शिकवलं. पण शिकवायला पाहिजे. कायझन टाकणार होते, पण आता मी त्या कंपनीत नाही, तर तू टाक. टिफिन मिळेल."

ती बघत राहिली माझ्याकडं. मग तोंड फिरवून हसली. हसू थांबलं तेव्हा तिनं विचारलं, "यंदा नाही झालं तर?"

"तर पुढच्या वर्षी. पण पुसायचं नाही."

तिनं पासवर्ड टाकला. मी दुसरीकडं बघत होते, तरी म्हणाली, "डोळे मीट."

गुरुवार, ४ सप्टेंबर

रोज सकाळी लॅपटॉप पाठीवर, शेअरच्या वडाप रिक्षात मांडीवर, टूलरूमच्या कोपऱ्यात पिनला टेकू लावून चालू. टेकू मीच बनवलाय, भंगारातल्या पट्टीचा! पिन बरोबर त्या कोनात धरतो, कुणाला बसायला नको. सर जाता जाता बघून म्हणाले, "हे फिक्श्चर पहिल्यापेक्षा बरं झालंय."

इतिहास पूर्ण उतरला. भूगोल चालू आहे. स्नेहलनं गावाहून यंदाच्या नाचाचा व्हिडिओ पाठवलाय, जागा आहे का विचारतेय. तिला म्हटलं, मिनलला विचार. आता डिस्कची मालकीण ती.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

काल अर्थशास्त्राचं शेवटचं लेक्चर उतरलं. संध्याकाळी लॅपटॉप मिनलच्या कॉटशेजारी, बाबासाहेबांच्या फोटोखाली तिची जागा आहे तिथं ठेवून दिला. टेकूसकट. तिनं टेकूत पिन बसवून बघितली. स्नेहल परत आलीय, ती एकटीच बडबडत होती.

आज पहाटे मला जाग आली ती ओरडण्यानं.

"ए पोरींनो! लायटीचं बिल कोन भरनार, माझा म्हातारा व्हय?"

डोळे उघडले. खोलीत दिवा होता. मिनल पाठमोरी बसलेली, कानात इअरफोन, तिला काही ऐकूच येत नव्हतं. मी ताडकन उठले, खिडकी उघडली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "मी भरते, अंबूबाई! मी भरते!"